व्लास्ता कुचेराचा अंगठा

आमच्या बेलग्रोव्हमध्ये कुणालाही विचारा, व्लास्ता कुचेरा दिसायला कशी होती, तर नव्या पिढीला सांगता यायचं नाही. पन्नासेक वर्षं टेलिव्हिजन स्टेशनात काढली, पण बाई एकदाही पडद्यावर आली नाही. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, निदान नाताळात तरी समोर ये. सगळे ओळीने उभे राहून हात हलवतात, तूही हलव." तर म्हणाली, "आणि तेवढ्या वेळात बटण काय तुझा बाप दाबेल?" अशी तोंडाची!

मी अर्डिथ नोल्टे. चॅनल नऊच्या दारातल्या टेबलावर, टेलिफोनपाशी, शेहेचाळीस वर्षं बसले. गावाने त्या स्टेशनला घातलेली प्रत्येक शिवी आधी माझ्या कानातून गेलेली आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क माझा. परवा ऑलबर्टन शहराच्या वर्तमानपत्रात आमच्या स्टेशनचा इतिहास छापून आला. अर्धं पान. एकामागून एक आलेल्या चार नेटवर्कची चार चिन्हं, मालकांचे फोटो, आणि खाली लिहिलंय, '२००३ साली हे केंद्र ऑलबर्टनच्या परिवारात आनंदाने सामील झाले.' आनंदाने म्हणे! माझ्या हातातली कॉफी तशीच गार झाली. आणि त्या अख्ख्या अर्ध्या पानात व्लास्ताचं नाव कुठे? कुठेच नाही. म्हणून आता मी सांगते, आणि मधे कुणी बोलायचं नाही.

आमचं स्टेशन सुरू झालं १९५७ साली, कोंबड्यांच्या पैशावर. रूबेन हिलब्रांड अंडी उबवून पिल्लं विकायचा. भोकं पाडलेल्या खोक्यांतून टपालाने अख्ख्या नेब्रास्कात त्याची पिल्लं जायची. त्याच उबवणी-घराच्या माडीवर त्याने चॅनल नऊ काढलं. खाली पंचवीस हजार पिल्लं आणि वर बातम्या. राज्यपाल वारले ती बातमी आमच्या निवेदकाने इतक्या गंभीर चेहऱ्याने वाचली, आणि मागून आपलं चिवचिव, चिवचिव चालूच. ऑलबर्टनच्या लोकांना तेवढंच पुरलं. 'खुराड्यातलं चॅनल' हे नाव त्यांनी ठेवलं, आणि आजही तिथला एखादा म्हातारा ते म्हणून दाखवतो.

आता खरी गंमत अशी की त्याच ऑलबर्टनवाचून आमचं पान हलत नव्हतं. करमणुकीचे कार्यक्रम बनायचे न्यू यॉर्कात. बनवणारं ते नेटवर्क, आणि ते घराघरांत पोचवणारी आमच्यासारखी गावोगावची स्टेशनं. आमच्या पहिल्या नेटवर्कने हिलब्रांडला सरळ सांगितलं, "तुमच्या गावापर्यंत तार ओढणं आम्हाला परवडत नाही. ऑलबर्टनचं चॅनल तीन आमचे कार्यक्रम दाखवतं. त्यांचं चित्र हवेतून पकडता आलं तर पकडा आणि पुढे दाखवा." ऑलबर्टनने परवानगी दिली, पण कशी, तर दारात आलेल्याला शिळा पाव द्यावा तशी.

पकडायला उंच जागा हवी. सगळ्यांत उंच टेकडी कुचेरांच्या कुरणात. हिलब्रांड तिथे गेला तर म्हातारा कुचेरा म्हणाला, "एरियल उभा करा खुशाल, भाडं नको. पण माझ्या पोरीला नोकरी द्या. एकोणीस वर्षांची झाली, गाई सांभाळायला तिचा काडीचा उपयोग नाही. दूध काढायचं यंत्र दोनदा खोलून बसली."

अशी व्लास्ता कंट्रोल रूममध्ये आली. कंट्रोल रूम म्हणजे काय, पूर्वी अंडी मोजायची खोली. समोर दोन पडदे, भिंतीवर एक घड्याळ, टेबलावर बटणांची एक पट्टी.

तिचं काम ऐकायला सोपं होतं. दर तासाला प्रत्येक स्टेशनने आपलं आणि आपल्या गावाचं नाव सांगायचं, हा सरकारचा कायदा. तासाच्या ठोक्याला चॅनल तीन आपली पाटी दाखवायचं, 'ऑलबर्टन'. आम्ही त्यांचंच चित्र पुढे पाठवणार, म्हणजे ती पाटी आमच्या पडद्यावरही येणार! तर ती उमटायच्या आत व्लास्ताने उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं आणि आमची पाटी लावायची. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक पिल्लू, आणि हिलब्रांडचा ध्वनिमुद्रित घोगरा आवाज, "बेलग्रोव्ह, नेब्रास्का. चॅनल नऊ." चार सेकंदांनी अंगठा उचलायचा. आधी दाबलं तर नाटकातल्या बाईचं शेवटचं वाक्य तुटतं आणि माझा फोन घणघणतो. उशिरा दाबलं तर ऑलबर्टन दिसतं.

आणि कुणी इशारा देत नव्हतं बरं का. ते लोक कधी दोन सेकंद आधी पाटी लावायचे, कधी तीन सेकंद नंतर. पण व्लास्ताला कळायचं. त्यांच्याकडचा माणूस बटणाला हात लावायच्या आधी म्हणे चित्र केसभर थरथरतं. मला सात जन्मांत दिसलं नसतं. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं, नाव माहीत नव्हतं, पण त्याचा हात ओळखायची. "आज सोमवार. साहेबांचं डोकं दुखतंय, घाई करणार." आणि खरंच तो घाई करायचा. "आज बदली माणूस आहे, घाबरट आहे." नव्वद मैलांवरून हे! मी म्हणायचे, "बये, एवढं लक्ष एखाद्या जवळच्या माणसाकडे दे, लग्न तरी होईल."

लग्न झालं, आणि त्या लग्नापायीच तिच्या हातून ती एकुलती एक चूक झाली.

एमिल आमचा पोस्टमन. खालून पिल्लांची खोकी न्यायला रोज यायचा, आणि खोकी नेता नेता वर का येतो हे व्लास्ता सोडून सगळ्यांना कळत होतं. १९६५ च्या मार्चमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजायला आलेले. हा बाबा खसखशीचं सारण भरलेली गरमागरम कोलाची, आमचे ते गोड पाव, घेऊन थेट कंट्रोल रूममध्ये शिरला आणि म्हणाला, "व्लास्ता, आईने केलीत. आई विचारतेय, तू आमच्याकडे कधी येतेस राहायला?"

तिने मान वळवली. बस, तेवढंच. चार सेकंद 'ऑलबर्टन' आमच्या पडद्यावर, बेलग्रोव्हच्या घराघरांत!

अहो, काय सांगू! माझ्याकडे त्या दुपारी एकसष्ट फोन आले. न्हाव्याने अर्धी दाढी सोडून फोन केला. मिसेस वॉटरमन म्हणाली, "आम्हाला विकलं का? विकलं असेल तर तसं सांगा." रविवारी फादरनी प्रवचनात 'क्षणभर ढळलेलं लक्ष' असं म्हटलं, आणि अख्खं चर्च मान वळवून व्लास्ताकडे बघायला लागलं. ती लाल झाली, पण मान खाली नाही घातली. बाहेर पडल्यावर एमिलला म्हणाली, "लग्न करते तुझ्याशी. पण पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." सोमवारी तिने स्वतः दाराला आतून लोखंडी कडी ठोकली. तास व्हायला दोन मिनिटं असली की कडी आत, ती पाटी होऊन गेल्याशिवाय निघायची नाही. हिलब्रांड एकदा बाहेर उभा राहून दार वाजवत होता तर आतून म्हणाली, "मालक आहात ना? मग थांबा." आणि थांबला हो तो.

त्या चार सेकंदांवरूनच हिलब्रांडने वही सुरू केली. दर तासाला एक ओळ. वेळ, गाव, बटण दाबणाऱ्याची सही, आणि हजर असेल त्या वरिष्ठाची सही. लग्नानंतरही व्लास्ता त्यात कुचेराच लिहायची. एमिल कुरकुरला तर म्हणाली, "वही नवऱ्याची नाही."

पुढे नेटवर्क बदलत गेली. ऑलबर्टनवाल्यांनी ते 'प्रगतीचे टप्पे' म्हणून छापलंय. टप्पे कसले डोंबलाचे! १९७१ मध्ये मोठ्या नेटवर्कने आम्हाला घेतलं, तार आली, फुटबॉल आला, आणि गावाने मिरवणूक काढली. पंधरा वर्षांनी त्याच नेटवर्कने तीन ओळींचं पत्र पाठवून सोडचिठ्ठी दिली. फुटबॉल गेला आणि मला फोनवर गावातल्या सभ्य बायकांनी असे शब्द ऐकवले की मी नवऱ्याला अर्थ विचारले. मग तिसरं आलं, बक्षिसांच्या खेळांचं. ते दिवाळं काढून गेलं. मग चौथं, पोराटोरांचं, ज्यात सगळे समुद्रकिनाऱ्यावर भांडायचे. आमच्याकडे समुद्र हजार मैलांवर! दर वेळी न्यू यॉर्कहून टाय लावलेला एक माणूस यायचा, "आपण आता एक कुटुंब" म्हणायचा, आणि पेटीभर कप देऊन जायचा. कपाटात चार नेटवर्कचे कप होते. व्लास्ता मात्र हिलब्रांडच्या उबवणी-घराच्या पिल्लूवाल्या कपातून कॉफी प्यायची. मी म्हटलं, "कानही तुटलाय त्याचा, टाक की." म्हणाली, "हा अजून मला सोडून गेलेला नाही."

तार आल्यापासून कुणाची पाटी झाकायची गरज उरली नव्हती. नेटवर्कच चार सेकंद मोकळी ठेवायचं. बाकी स्टेशनांनी त्यासाठी यंत्रं आणली. व्लास्ताने यंत्राला हात लावू दिला नाही. "गावाचं नाव आहे," म्हणाली, "ते माणसानेच घ्यायचं."

हिलब्रांड गेला, त्याचा मुलगा गेला. नात कॅलिफोर्नियात. तिने २००३ मध्ये स्टेशन विकून टाकलं, एका मोठ्या कंपनीला. आणि त्याच कंपनीच्या मालकीचं होतं, ओळखलंत ना, ऑलबर्टनचं चॅनल तीन.

कंपनीने पाठवला क्रेग मॉसमन. पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी, बोलणं तर असं की लोण्याला लाज यावी. त्याने आम्हा बावीस जणांना बसवून सांगितलं की बातम्या, हवामान, सगळं आता ऑलबर्टनहून येईल. गुरुवारी पाच वाजता चॅनल नऊवर चॅनल तीन जसंच्या तसं दिसायला लागेल. इथे दोनच माणसं राहतील, कारण कायद्याने गावात कार्यालय आणि दोन माणसं ठेवावीच लागतात. दोन कोण, तर सगळ्यांत कमी पगाराच्या आम्ही दोघी म्हाताऱ्या. वीस जणांनी आपापली खोकी भरली. छपन्न वर्षांचा आमचा हवामानवाला आर्लो जिन्यात बसून रडला, ते मी पाहिलंय. वर्तमानपत्रात ते नाही.

"व्लास्ता," क्रेग म्हणाला, "तुम्ही पहिल्या दिवसापासून आहात. शेवटचं बटणही तुम्हीच दाबायचं. केक आणतोय, महापौर येतायत."

व्लास्ताने विचारलं, "पाच वाजता गावाचं नाव कुठे येणार?"

"कुठल्या गावाचं?"

"या."

क्रेग हसला. "आता सगळं एकच, नाही का? ऑलबर्टन म्हटलं की त्यात बेलग्रोव्ह आलंच."

"परवाना बेलग्रोव्हचा आहे. दर तासाला नाव घ्यावं लागतं."

"ते तिकडचे लोक बघतील हो. तुम्ही कशाला त्रास करून घेता?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आणि गुरुवारी कुणी काही गडबड केली, तर तो त्याचा इथला शेवटचा दिवस असेल. हे सगळ्यांनाच सांगितलंय, तुम्हाला म्हणून नाही."

तो गेल्यावर मी म्हटलं, "व्लास्ता, तुझं काही खरं दिसत नाही."

"अर्डे, घरी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "एमिल दिवसभर टपालतिकिटं लावतो. मला इथेच बसायचंय. पण ऑलबर्टनची पाटी बघत नाही बसायची." मग स्वतःचा उजवा अंगठा चोळत राहिली. सांध्यात सूज यायची तिच्या, थंडीत फार. बाईचं एवढं आयुष्य त्या चार सेकंदांत गेलं, आणि हा लोण्याचा गोळा म्हणतो, तिकडचे लोक बघतील!

गुरुवारी साडेचारला केक आला. त्यावर साखरेत ऑलबर्टनचं चिन्ह. सोबत पाचव्यांदा कपांची पेटी. महापौर, बँकेचा मॅनेजर, क्रेग, सगळे पुढच्या खोलीत टेलिव्हिजनसमोर. मी माझ्या टेबलावर. पाचला दोन मिनिटं कमी असताना मागे कंट्रोल रूमच्या दाराची कडी खट्टकन बसली. क्रेगने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सवय आहे हो तिची."

पाचला दहा सेकंद कमी. ठरल्याप्रमाणे तिने बटण दाबलं आणि ऑलबर्टनचं चित्र आलं. दोन निवेदक, चमकदार दात. टाळ्या झाल्या. क्रेगने माझ्या खांद्यावर थोपटलं. आणि पाचच्या ठोक्याला, त्यांची ती भलीमोठी पाटी उमटायच्या आत, पडदा काळा झाला. पांढरी अक्षरं. कोपऱ्यात पिल्लू.

पण हिलब्रांडचा आवाज नाही आला. मग एका बाईचा आवाज, जरा खरखरीत, "बेलग्रोव्ह, नेब्रास्का. चॅनल नऊ."

महापौरांनी विचारलं, "ही कोण?" एवढ्या वर्षांत गावाने तिचा आवाज टेलिव्हिजनवर ऐकलाच नव्हता ना!

चार सेकंद झाली. पाच झाली, सहा झाली. पाटी हलेना.

"मी व्लास्ता कुचेरा," आवाज म्हणाला. "तुमच्या पडद्यावर ही पाटी मी लावते. चार नेटवर्क आली आणि चार गेली. पाचवं आज आलंय, तेही जाईल. बातम्या वाचायला कुणी ठेवलेलं नाही, म्हणून मी वाचते. उद्या शाळेत जेवणाला मक्याची भाजी आणि मांसाचे गोळे. योसेफ हाव्हलिक आज सकाळी गेले, शनिवारी दहाला चर्चमध्ये. मिलर्सची गाय अजून सापडलेली नाही, पांढऱ्या कपाळाची आहे."

क्रेग पळत कंट्रोल रूमच्या दाराशी गेला. धक्के मारले. "व्लास्ता! दार उघडा! उघडा म्हणतो ना!" आणि ते तिच्या बोलण्यामागे हवेवर ऐकू येत होतं. व्लास्ता म्हणाली, "हा जो आवाज येतोय तो आमच्या नव्या साहेबांचा. काम आटोपलं की उघडते." पूर्वी पिल्लं ऐकू यायची, आता साहेब.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑलबर्टनहून. कुणीतरी ओरडत होतं, "काय चाललंय तिकडे? इंजिनियरला द्या, ताबडतोब!" मी माझ्या गोड आवाजात म्हटलं, "नमस्कार, चॅनल नऊ, बेलग्रोव्ह. कृपया एक मिनिट थांबा हं," आणि होल्डवर टाकला. होल्डवर आमच्याकडे पोल्का नाचाची रेकॉर्ड लागते, ॲकॉर्डियनवाली. दुसरा फोन आला, तोही पोल्का. फोनच्या तिसऱ्या लाइनवर गावातली माणसं होती, त्यांचे मात्र घेतले. मिसेस वॉटरमन, वय त्र्याण्णव, म्हणाली, "तिला सांग, थांबू नकोस."

सात मिनिटं. आर्लोने आदल्या दिवशीच आपला माइक तिच्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि हवामान कागदावर लिहून दिलं होतं, तेही तिने वाचलं. बावीस जणांची नावं वाचली, कोण किती वर्षं होतं ते. माझं नाव आलं तेव्हा म्हणाली, "अर्डिथ नोल्टे, फोनवर, चाळीस वर्षं. तुमच्या शिव्या तिने आमच्यापर्यंत पोचू दिल्या नाहीत." मला रडू आलं, लपवत नाही. एका हातात रिसीव्हर धरून रडले. मग तिने अंगठा उचलला, आणि ऑलबर्टनचे दात परत आले.

कडी निघाली. क्रेगचा चेहरा बिटासारखा. "संपलं," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता सामान उचला. दोघी!"

व्लास्ता खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "उचलते. पण काढण्याचं कारण लिहून लागतं ना? काय लिहिशील?"

"परवानगीशिवाय प्रक्षेपणात अडथळा आणला!"

"किती वाजता?"

"पाच वाजता!"

"बरं. पाच वाजता तुमच्या ऑलबर्टनने बेलग्रोव्हचं नाव घेतलं का रे? तुझ्या माणसांना विचार. त्यांच्या पाटीवर मुंगीएवढं तरी होतं का?"

"ते तिकडचे लोक बघणार होते," क्रेग म्हणाला.

"मी काल त्यांना फोन करून विचारलं," व्लास्ता म्हणाली. "त्यांना आठवणच नव्हती. म्हणाले, बघतो. बघितलं नाही. त्यांचं चित्र मला या दुसऱ्या पडद्यावर दिसतं, त्यांच्या पाटीवर नाव नव्हतंच. आज पाचच्या तासाला कायद्याने जे नाव जायला हवं होतं, ते या खोलीतून गेलं, माझ्या अंगठ्याने. मी दाबलं नसतं तर तुमचा परवान्याचा पहिलाच तास बेकायदा. आता मला काढायचं पत्र लिही, आणि मी ते सरकारला पाठवते."

"ते चार सेकंदांचं झालं! बाकीची सात मिनिटं?"

"तीही लिही. मी कुठे नको म्हणतेय? पण आधी पहिली चार सेकंद लिहावी लागतील."

त्याने माझ्या टेबलावरून ऑलबर्टनला फोन लावला. त्यांना पोल्कातून मीच बाहेर काढलं. तो कुजबुजत होता, पण ऐकणं हा माझा धंदाच आहे. "हो सर... नाही, नव्हतं सर... आपल्याकडून राहिलं... हो, फक्त तिचंच... समजलं सर." फोन ठेवला तेव्हा लोणी पार वितळलं होतं.

"तुम्ही राहू शकता," तो म्हणाला. "दोघीही."

"उपकार नकोत," व्लास्ता म्हणाली, आणि वही त्याच्यासमोर सरकवली. "पाचची ओळ भर. नियम आहे. हजर असेल त्या वरिष्ठाची सही लागते, आणि आज वरिष्ठ तू."

त्याने पेन काढलं. वेळ लिहिली, पाच. पुढचा रकाना 'गाव'. सवयीने त्याने लिहिलं, ऑलबर्टन.

"खोड," व्लास्ता म्हणाली.

महापौर बघत होते. बँकवाला हातात केकची बशी धरून बघत होता. क्रेग मॉसमनने आपल्या सोन्याच्या निबाने ऑलबर्टनवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, बेलग्रोव्ह. खाली सही केली. मग व्लास्ताने सही केली, कुचेरा, आणि त्याला म्हणाली, "आता केक काप. मधलं ते चिन्ह मला दे, मला भूक लागलीय."

त्यानंतर सहा वर्षं आम्ही दोघी त्या रिकाम्या इमारतीत बसलो. नऊ ते पाच, दर तासाला काळी पाटी, पिल्लू, आणि तिचा तो खरखरीत आवाज. कंपनीने काही म्हटलं नाही. ऑलबर्टनकडे आता माणूस नव्हता, यंत्र होतं. व्लास्ता म्हणायची, "याचा कंटाळा येतो. हे चुकतच नाही." २००९ मध्ये ती स्वतःहून उठली, सोबत मीही उठले. यंदाच्या वसंतात ती गेली. चर्चमध्ये एमिलने तिच्या हातात तो कान तुटलेला कप ठेवला.

वही गावच्या ग्रंथालयात आहे. ते एक पान मात्र माझ्याकडे आहे, फाडून आणलंय, लपवत नाही. ऑलबर्टनच्या वर्तमानपत्राला ते छापायचं असेल तर मला फोन करा म्हणावं. उचलीन की पोल्का ऐकवीन, ते त्या वेळी बघू.